काजं-बटणं राहिलीत

६ जानेवारी

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घातला असं समज. खरोखर घालायला माझ्या खोलीत जागा नाही. पाय पसरले की दाराला लागतात. फोन केला असता, पण फोनवर तू शिलाई मशीन चालवतच बोलतेस आणि मला निम्मी टरटर ऐकू येते. आज जे सांगायचंय त्यातला एक शब्दही मशीनखाली जाऊन चालणार नाही.

आत्या, मला एजंट मिळेल असं दिसतंय.

लगेच कपाळाला हात लावू नकोस. बाबांना परदेशात नोकरी लावून देतो म्हणून गायब झालेला एजंट वेगळा. हा पुस्तकांचा. म्हणजे ही, कारण त्या बाई आहेत. नव्या लेखकानं आपलं लिखाण प्रकाशकाकडे नुसतं पाठवलं तर ते टेबलाखालच्या ढिगात जातं. एजंटनं नेलं तर टेबलावर जातं. कुठल्या प्रकाशकाला काय रुचेल हे त्यांना ठाऊक असतं, करार त्या वाचतात, आणि पुस्तक विकलं गेलं तरच त्यातला हिस्सा घेतात. जो आधीच पैसे मागतो तो एजंट नव्हे, एवढी चौकशी मी करून घेतली आहे.

त्या सापडल्या कशा ते ऐक. मला आवडलेल्या कादंबऱ्या वाचनालयातून पुन्हा आणल्या आणि फक्त शेवटचं पान वाचलं, जिथं लेखक आभार मानतात. आईचे, नवऱ्याचे, मांजराचे. त्यातल्या तीन पुस्तकांत एकाच बाईंचे आभार होते. एकानं लिहिलं होतं, 'त्यांनी मला चार वेळा परत पाठवलं, म्हणून आभार.' मला वाटलं, बस, हीच. त्यांचं ऑफिस याच शहरात निघालं, बाजारपेठेत घड्याळाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर.

त्यांच्याआधी आणखी पाच जणांना लिहिलं होतं, ते तुला सांगितलं नव्हतं. दोघांनी नाही म्हटलं, दोघांनी काहीच म्हटलं नाही, आणि एकानं 'प्रिय महोदय' म्हणून माझा कवितासंग्रह नाकारला. मी कविता पाठवलीच नव्हती.

या बाईंना मात्र पानभर पत्र आणि पहिली तीन प्रकरणं पाठवली, आणि काल उत्तर आलं. एकच ओळ: 'पूर्ण हस्तलिखित पाठवा.' मी तेव्हा पाणीपुरवठा ऑफिसात माझ्या तक्रारींच्या खिडकीत बसले होते. समोर एक आजोबा उभे होते. मी त्यांना म्हटलं, "अभिनंदन." ते म्हणाले, "म्हणजे आलं का पाणी?"

आता अडचण. पूर्ण हस्तलिखित नाही. जी पाठवली ती तीनच प्रकरणं आहेत. पत्रात मात्र मी लिहून बसले, 'कादंबरी तयार आहे.' रागावू नकोस, हे तुझ्याच दुकानात शिकले. कापडाला कात्री लागलेली नसते आणि तू गिऱ्हाइकाला सांगतेस, 'झालंच आहे, फक्त काजं-बटणं राहिलीत.' शेवटी सगळ्यांचे कपडे होतातच ना? मला वाटलं, उत्तर यायला निदान सहा महिने लागतील, तोवर होईल शिवून. तीन आठवड्यांत आलं.

काय करू, लवकर कळव.

तुझी,
बॉबीन

ता. क. कादंबरी कशावर आहे ते विचारू नकोस. झाली की दाखवीन.


१२ जानेवारी

चि. बॉबीनला आत्याचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, कारण दुकानात तिघीजणी बसल्या होत्या आणि त्यांना राहवेना. शेजारची पार्लरवाली म्हणाली, "एजंट म्हटला की आलीच फसवणूक." मी म्हटलं, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे ती, तिला कोण फसवतो. तुझ्या पदवीची फ्रेम ट्रायलरूममध्ये आरशाशेजारी लावली आहे. गिऱ्हाईक बाहीत हात घालता घालता वाचतं. बोलायला बोलले, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली. तुझा बाबा तर म्हणतो, एजंटाचा दरवाजा आधी डोळ्यांनी बघून यावा. दुधानं तोंड पोळलंय ना त्याचं.

आता खोटं बोलण्याचं. त्यात माझं नाव पुढे करू नकोस. मी 'काजं-बटणं राहिलीत' म्हणते तेव्हा ती राहिलेलीच असतात. बाकीचंही राहिलेलं असतं, ते मी सांगत नाही, एवढंच. पण गिऱ्हाईक दारात येऊन 'घालून बघते' म्हणालं, तर मी काय करते? कच्चे टाके मारून अंगावर चढवते. एक बाही असते, एक नसते. गळ्याला टाचण्या टोचतात. तरी आरशात बघून तिला कळतं की कपडा होणार आहे. तुझी बाई आता दारात आली आहे. तिला एका बाहीचा कपडा दाखव आणि सांग, एवढंच झालंय. पळाली तर पळाली.

आणि तीन प्रकरणांना वर्ष घालवलंस ना? ही तुझी शाळेपासूनची खोड. एक बाही शिवायची आणि तिलाच इस्त्री करत बसायचं. आधी सगळं कापून घे, मग शिवायला बस.

पुस्तक कशावर आहे ते मी विचारत नाही. कशावर आहे?

आत्या


१८ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं अक्षरन् अक्षर पटलं. खरं लिहायचं ठरलं, आजच लिहून टाकते. खोट्याच्या पायावर पहिलं पुस्तक उभं राहायला नको. पुस्तक हे निदान एक असं ठिकाण असावं जिथं आपण काही झाकून ठेवत नाही, असं मला वाटतं. पार्लरवालीला हे वाचून दाखवू नकोस, ती हसेल.

तू म्हणालीस तसं सगळं कापूनही घेतलं. प्रत्येक प्रकरणाची एकेक चिठ्ठी लिहून भिंतीवर चिकटवली. पंखा लावला की नायिका उडून पलंगाखाली जाते, म्हणून पंखा बंद ठेवून घाम पुसत लिहिते आहे. आत्या, मला इतका आनंद कशाचा होतोय ते कळत नाही. अजून काही मिळालेलं नाही. पण आपण लिहिलेलं वाचून एका अनोळखी माणसाला पुढचं वाचावंसं वाटलं, एवढ्यावरच मी जमिनीपासून चार बोटं वर चालते आहे.

तुझी,
बॉबीन


१९ जानेवारी

आदरणीय बाईसाहेब,

सविनय नमस्कार. आपल्या पत्राबद्दल मनापासून आभार. हस्तलिखिताचं अखेरचं टायपिंग चालू आहे. प्रत स्वच्छ व्हावी म्हणून थोडा अवधी मिळावा, ही विनंती.

आपली नम्र,
(तीन प्रकरणं पाठवलेली नवी लेखिका)


३ फेब्रुवारी

प्रिय लेखिका,

तुमचं पत्र मिळालं. त्यात टायपिंग चालू असल्याचं म्हटलं आहे.

काल तुमच्या आत्या येऊन गेल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कादंबरीची तीनच प्रकरणं झाली आहेत, आणि तसं तुम्ही मला केव्हाच कळवलं आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं कठीण, म्हणून मी आत्यांवर विश्वास ठेवायचं ठरवलं.

त्या म्हणे अस्तराचं कापड घ्यायला बाजारात आल्या होत्या. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारायला लागल्या. किती पुस्तकं लावून दिलीत? त्यातली किती खपली? एकदा आलेला लेखक दुसऱ्यांदा येतो का, की पळतो? दिलेल्या तारखा पाळता का? एवढी चौकशी माझ्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनी केली नव्हती. मी उत्तरं देत असताना त्यांचं लक्ष माझ्या जाकिटाकडे होतं. "काखेत ओढतंय," म्हणाल्या, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दोन टाचण्या लावून मोकळ्या झाल्या.

आता कामाचं. नव्या लेखकाची अपुरी कादंबरी मी घेत नाही. पहिली पन्नास पानं पुष्कळांना पळता येतात. दम त्यानंतर लागतो. हा नियम मी तुमच्यासाठी मोडणार नाही. मात्र तुमच्या आत्यांनी मला एक तारीख दिली आहे. मी मागितली नव्हती. म्हणाल्या, "आमच्या घरचं काम उशिरा होतं, पण वाईट होत नाही. तीस जून लिहून घ्या. पक्की." तीस जूनला पूर्ण हस्तलिखित माझ्या टेबलावर असेल, तर मी ते वाचीन. नंतर आलं तर ढिगात जाईल. वाचलं म्हणजे आवडेलच असंही नाही.

एक चूक माझ्याकडून झाली. मी आत्यांना सहज विचारलं, कपाटातल्या निळ्या कोटाची मालकीण खरंच कधी परत आली नाही का? त्यांचा चेहरा बघून लक्षात आलं की पुस्तक कशावर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. क्षमस्व.

आणि यापुढे मला खरं लिहा. वेळ वाचतो.

आपली,
एजंट


५ फेब्रुवारी

आत्या,

ट्रायल कपड्याची घेतात असं ऐकलं होतं. तू मलाच आरशासमोर उभं केलंस, तेही टाचण्या लावून.

मी खरं लिहिलं नव्हतं. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्या 'नको' म्हणतील असं वाटलं. शेवटी टायपिंगची थाप मारली. आणि तू तिथं जाऊन छातीठोकपणे सांगून आलीस की माझ्या भाचीनं सगळं कळवलंय. पत्र वाचून मी खिडकीतल्या माणसांकडे पाठ करून बसले. त्यांना वाटलं, पाणीपुरवठ्याचा निषेध चाललाय.

पण आत्या, त्या वाचणार आहेत. एवढं होऊनही वाचणार आहेत. 'यापुढे मला खरं लिहा, वेळ वाचतो,' एवढंच बजावलंय.

आता तुला कळलंच आहे तर सांगते. पुस्तक तुझ्या मागच्या खोलीतल्या कपाटावर आहे. शिवायला टाकले आणि कुणी न्यायलाच आलं नाही, असे कपडे तू त्यात टांगून ठेवतेस ना, त्यावर. लहानपणी मी त्या कपाटात लपायचे तेव्हा वाटायचं, ही सगळी माणसं कुठं गेली? निळ्या कोटाची बाई तर माझी नायिका आहे. जे कुणी न्यायला येत नाही, त्याचीही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी, म्हणून लिहिते आहे. तुला आधी विचारायला हवं होतं. तू 'हा काय विषय झाला' म्हणशील अशी भीती वाटली.

आणि तारीख? तू तारीख दिलीस? जिनं सख्ख्या भावाच्या लग्नातला कोट लग्न लागून गेल्यावर दिला, तिनं?

बॉबीन


१२ फेब्रुवारी

चि. बॉबीनला आशीर्वाद.

कपाट माझं, हँगर माझे, आणि मला पत्ता नाही. दोन दिवस फुगून होते. मग कपाट उघडून आत बघत बसले. तू म्हणतेस ते खरं. माणसं कुठं गेली असतील?

तुझ्या बाईकडे मी भोळेपणानं बोलले. तू 'आजच लिहून टाकते' म्हणालीस, मी धरून चालले. झालं ते बरं झालं. बाई सरळ आहे. चहा दिला तो स्वतः केला. जाकीट मात्र कुणी शिवलंय देव जाणे.

तारीख मी दिली कारण तारखेशिवाय कुणाचं काहीच होत नाही. माझ्या तारखा हुकतात, पण तारीख नसती तर एकही कपडा पुरा झाला नसता. ही मात्र हुकवायची नाही. माझं नाव गेलंय तिथं.

इथं एक गंमत झाली आहे. पार्लरवालीनं गल्लीभर केलं की टेलरच्या कपाटातल्या कपड्यांवर पुस्तक निघतंय. झालं, लोक कपडे न्यायला यायला लागले. आपलं नाव पुस्तकात नको म्हणून. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा झगा नेला. तो आता त्यांच्या मुलीलाही व्हायचा नाही. एकजण म्हणाला, "माझी पँट कोणत्या पानावर आहे?" मी म्हटलं, आधी ने, मग सांगते.

तू लिहायचं बघ. कपाट रिकामं व्हायच्या आत.

आत्या


२० मे

प्रिय आत्या,

भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. तुझी कापून घ्यायची युक्ती कापडाला चालत असेल, माणसांना चालत नाही. अकराव्या प्रकरणात नायिका घरातून निघून जायची होती. मी बॅग भरून दिली, दार उघडून दिलं, तरी ती बसून राहिली आणि मुलाला गणित शिकवायला लागली. तिच्यामागून गेले तेव्हा गाडी पुढे सरकली.

आता रोज खिडकी उघडायच्या आधी ऑफिसात जाऊन लिहिते. शिपाईकाका म्हणतात, "एवढ्या तक्रारी आहेत का तुमच्या?" शेवट डोळ्यांसमोर आहे. निळ्या कोटाची बाई का परत आली नाही, ते शेवटच्या प्रकरणात कळणार. वाचणाऱ्यानं हुंदका द्यावा असं लिहायचंय.

बॉबीन


४ जून

चि. बॉबीनला आशीर्वाद.

मन घट्ट करून वाच. निळ्या कोटाची बाई आली होती.

चांगली धडधाकट आहे. बहिणीच्या घरी आली होती, पार्लरवालीकडून कळलं म्हणून डोकावली. मी कोट पुढे ठेवला. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, हा माझा होय?" मी विचारलं, न्यायला का आला नाहीत? तर म्हणाली, "विसरले."

एवढंच. मी दोनदा विचारलं. विसरलेच म्हणाली, आणि हसली. कोट आता तिला होत नाही. "तुमच्या भाचीला द्या, तिनं माझी एवढी आठवण ठेवली," असं म्हणून गेली.

तुझ्या हुंदक्याचं काय करायचं ते तू बघ. सांगू की नको असा विचार केला होता. पण खरं सांगितलं की वेळ वाचतो, असं तुझी बाईच म्हणते.

आत्या


३० जून

आत्या,

दिलं. टपालावर भरवसा नव्हता म्हणून हातानं नेऊन दिलं. बाई फोनवर बोलत होत्या. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं, आणि बोट दाखवून टेबलावर ठेवायला सांगितलं. खाली नाही. टेबलावर.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला वाटलं सगळं संपलं. सबंध पुस्तक जिच्यासाठी उभं केलं ती बाई नुसती विसरली होती. जेवले नाही. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि 'मी कोट पुढे ठेवला' या वाक्यापाशी थांबले. इतक्या वर्षांनी तो पुढे ठेवता आला, कारण तू तो दर उन्हाळ्यात बाहेर काढतेस, झटकतेस, कसर लागली का बघतेस आणि पुन्हा टांगतेस. कुणी सांगितलं नसताना. आत्या, तिनं नेला नाही ही गोष्टच नव्हती. तू ठेवलास, ही होती. मी वर्षभर चुकीच्या बाईच्या मागे धावत होते.

शेवटची प्रकरणं सगळी उसवली आणि नव्यानं लिहिली. आता त्यांच्या हातात.

तुझी,
बॉबीन


२६ जुलै

प्रिय लेखिका,

वाचलं. मी तुमचं काम घेते आहे.

सुरुवातीची तीन प्रकरणं गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत आहेत. मधली मला फार आवडली. शेवटचं प्रकरण योग्य जागी पोचतं, पण धापा टाकत. ते पुन्हा लिहावं लागेल. कदाचित आणखी एकदा. त्यानंतर कोणत्या प्रकाशकाला आधी दाखवायचं ते माझ्या मनात पक्कं आहे. पुस्तक विकलं जाईलच असं वचन कुणी देत नाही, मीही देणार नाही.

अकरा ऑगस्टला सकाळी करारावर सही करायला या. करार दोनदा वाचा, मग सही करा. जाकीट आता ओढत नाही, असं आत्यांना सांगा.

आपली,
एजंट


१ ऑगस्ट

चि. बॉबीनला खूप खूप आशीर्वाद.

तू पाठवलेलं बाईंचं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. पार्लरवाली रडली. ती कशालाही रडते, पण या वेळी मीही तिच्यासोबत होते. बाबानं पत्र हातात घेतलं, 'मी तुमचं काम घेते आहे' ही ओळ बोटानं दोनदा वाचली आणि म्हणाला, "शिक्का नाही यावर." मग बाहेर गेला आणि सगळ्या गल्लीला सांगून आला. त्या पत्राची फ्रेम करायची म्हणतो. आरशाच्या दुसऱ्या बाजूला जागा आहे.

सहीला निळा कोट घालून जा. उसवून तुझ्या मापाचा करते. माप पाठव, आणि खरं पाठव, पोट आत ओढून घेतलेलं नको. दहा तारखेला तुझ्या हातात पडेल. पक्की तारीख.

आत्या


११ ऑगस्ट

प्रिय आत्या,

सही झाली. अक्षर वाकडं आलंय, पण आहे माझंच.

कोट काल आला. आयुष्यात पहिल्यांदा तू दिलेल्या तारखेला आला. पाठ अशी बसली की मी खोलीत जागा नसताना गोल फिरून बघितलं. अस्तर तेच ना, त्या दिवशी बाजारातून नेलेलं? मग बंद करायला गेले, तर बटणं नाहीत. काजंही नाहीत.

तशीच गेले. जिने चढताना एका हातानं कोट मिटून धरला होता. बाईंनी करार पुढे ठेवला, मी दोनदा वाचला, पेन उचललं आणि कोट उघडला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"आत्यांनी शिवला?"

"हो."

"काजं-बटणं राहिलीत."

मी सही केली. निघताना त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच जरा हसून, "आणि तुमचं शेवटचं प्रकरण? कुठवर आलंय?"

मी एक हात कोटावर ठेवला आणि त्यांना खरं सांगितलं. अजून कापडालासुद्धा हात लावलेला नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "छान. तारीख द्या."

मी दिली, आत्या. पक्की.

तुझी,
बॉबीन